महाशिवरात्र ते आषाढी: नागपूरच्या उन्हाळ्यात घरचे बटाटे टिकवताना

२०२३च्या एप्रिलअखेर आमच्या मागच्या खोलीत वास सुटला. आधी वाटलं, उंदीर मेला असेल. दोन दिवस कपाटं हलवली, मोरी धुतली. तिसऱ्या दिवशी दिवाणाखालचा कट्टा ओढला, तर तळाचं बारदान ओलं आणि तोंड उघडताच बारीक करड्या पाकोळ्या उडाल्या. घराशेजारच्या रिकाम्या जागेत पहिल्यांदाच लावून मार्चमध्ये काढलेले साठ किलो बटाटे होते ते. वरून धडधाकट दिसणारे कापून पाहिले, तर मधोमध काळं, शाई सांडल्यासारखं. चाळीस किलो कचरागाडीत गेले. गाडीवाल्या दादांनी विचारलं, "ताई, लग्न होतं का घरी?"

(आमच्याकडे बोलताना आलूच म्हणतात. लिहायला बसलं की हात आपोआप बटाटा लिहितो. इथे दोन्ही येत राहतील.)

पुढच्या वर्षी पुन्हा लावले. कारण सासूबाई. त्या काटोलकडच्या, दोन्ही एकादश्या करणाऱ्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "घरचे आलू आषाढीले पुरले तर खरं." मी एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. आवक-जावक रजिस्टर लिहिण्यात बावीस वर्षं गेली, म्हणून बटाट्यांचंही रजिस्टर घातलं. पुढचे सगळे आकडे त्यातले आहेत.

आधी डोक्यातलं एक गणित सुधारावं लागलं. बटाटे साठवण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलुखातलं असतं: तळघर, पेंढा, गोठण्यापासून बचाव, वसंतापर्यंतची बेगमी. आपल्याकडे पंचांग उलटं. नागपुरात हिवाळ्यात बटाटा जमिनीत वाढत असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि निघाल्या निघाल्या समोर उन्हाळा उभा. या शहराने २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिलेत. म्हणजे आपल्याला थंडी नाही, ऊन ओलांडायचं आहे.

हे मला नीट समजावलं ओळखीतल्या एका निवृत्त कृषी सहायकांनी. आम्ही त्यांना काका म्हणतो. काळे पडलेले दोन बटाटे डब्यात घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी उभा छेद घेतला आणि म्हणाले, "हा रोग नाही. आलू मेलेलं नसते न जी, श्वास घेत राहते. जितकी गरमी, तितका जास्त श्वास. तू कट्ट्यात कोंबून दिवाणाखाली ठेवलं, हवा मिळाली नाही, आतल्या आत गुदमरलं." पस्तीस अंशांच्या वर आणि हवा खेळती नसेल तर बटाट्याचा गाभा असा काळा पडतो. पाकोळ्यांचं प्रकरण वेगळं. बटाट्याच्या डोळ्यांपाशी त्या अंडी घालतात, अळी आत बोगदे करते आणि त्या वाटेने सड शिरते. ही लागण बहुतेक शेतातूनच घरात येते. म्हणजे साठवण काढणीनंतर नाही, लावणीपासूनच सुरू होते. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर चाळीस किलो वाचले असते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, २९ ऑक्टोबर २०२३ला लावणी केली. जागा साधारण सहाशे चौरस फूट. प्लॉट आमचा नाही, शेजाऱ्यांचा. ते पुण्याला असतात, त्यांची तोंडी परवानगी होती, तरी मी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून घेतल्या. (सवय.) कुफरी ज्योतीचं सोळा किलो बेणं छिंदवाड्याकडून एका नातेवाइकाने आणून दिलं, ४० रुपये किलोने. कुफरी म्हणजे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्यात आहे आणि तिच्या वाणांच्या नावापुढे हे गाव लागतं. ज्योती आणि चंद्रमुखी दोन्ही १९६८ची, म्हणजे माझ्याहून मोठ्या.

वाढीच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. साठवणीच्या दृष्टीने एकच काम महत्त्वाचं, मातीची भर. महिन्याने एकदा आणि पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा सरीवर माती चढवली. वरंब्याला भेगा पडल्या की पाकोळी त्यातून बटाट्यापर्यंत पोचते आणि उघडा पडलेला बटाटा हिरवाही होतो. पहिल्या वर्षी मी भर एकदाच, तीही नावापुरती दिली होती.

४ फेब्रुवारीला पाला कापला. त्याआधी आठवडाभर पाणी बंद. झाड हिरवं असताना कापताना जिवावर येतं, पण पाला गेला की जमिनीतल्या बटाट्याची साल पक्की होते. दोन आठवड्यांनी काढायचं ठरवलं होतं, तेवढ्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा. माती ओली झाली. घरचे म्हणाले, काढून टाक, सडतील. काका म्हणाले, ओल्या मातीत हात घालू नको, वाळू दे. थांबले. तो आठवडा मी रोज सकाळी एक बटाटा उकरून अंगठ्याने साल घासून पाहायची. साल सुटली तर अजून वेळ आहे, नाही सुटली तर तयार. ही परीक्षा फुकट आहे आणि तिच्याइतकं भरवशाचं मला दुसरं काही सापडलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार. मी, हे, मुलगा आणि सकाळी दहापर्यंत दोन शेजारी. फावड्याऐवजी हातकुदळ आणि हात. ९४ किलो भरले. काढलेले बटाटे उन्हात पडू द्यायचे नाहीत, रात्रभर उघडेही ठेवायचे नाहीत, पाकोळी रात्रीच येते. आणि धुवायचे नाहीत. आमच्या शेजारच्या वहिनींनी प्रेमाने एक टोपलंभर धुऊन ठेवले होते. ते त्याच आठवड्यात खाऊन संपवले.

मग बारा दिवसांची वाट. पोर्चमध्ये, जिथे ऊन येत नाही, गुडघ्याच्या खाली राहील एवढा ढीग केला, वर तणस आणि त्यावर कोरडं बारदान. या दिवसांत लहानसहान जखमा भरतात, सालीवर साल चढते. गाडी बारा दिवस रस्त्यावर उभी होती, त्यावरून घरात दोनदा बोलणं झालं. पुणे जिल्ह्यात मंचर, सातगाव पठाराकडे शेतकरी असेच ढीग रचून त्याला बटाट्याची आरण म्हणतात. आमच्या पोर्चमधल्या ढिगाला हे 'तुझं महादेवाचं देऊळ' म्हणत. ८ मार्चला महाशिवरात्र होती. त्या दिवशी ढीग उघडला आणि वरचे कापलेले बटाटे उपासाच्या भाजीला गेले. आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी पचमढीला महादेवाच्या यात्रेला गेलेली, उरलेल्या निम्म्यांना भाजी वाटली.

९ आणि १० मार्च निवडण्यात गेले. हे काम घाईने करू नका. एकेक बटाटा हातात घेऊन फिरवायचा. डोळ्यापाशी काळा बारीक भुसा दिसला की आत अळी आहे समजायचं. वाळून वजन ९० किलोवर आलं होतं. त्यातले ११ किलो कुदळ लागलेले आणि फार बारीक, ते आधी खायला. ३ किलो हिरवे नाहीतर छिद्रांचे, ते टाकले. हिरवेपणा उजेडाने येतो आणि त्याच्याबरोबर सोलॅनिन नावाचं कडू विष वाढतं. शिजवून ते जात नाही. जरासा हिरवा असेल तर खोल सोलून चालतं, निम्मा हिरवा असेल तर मोह सोडायचा. उरले ७६ किलो.

आता खरा प्रश्न. हे ठेवायचे कुठे?

११ मार्चला अर्धी रजा टाकून कळमन्याकडच्या एका शीतगृहात गेले. नाव लिहीत नाही. गेटवर रजिस्टरमध्ये नाव, गाडीचा नंबर, कामाचं स्वरूप. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात मी 'आलू' लिहिलं. मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. किती कट्टे? म्हटलं, एक. "ताई, एका कट्ट्यासाठी लॉट नाही पडत." तिथला हिशेब असा: पन्नास किलोचा कट्टा, कमीत कमी दहा कट्ट्यांचा लॉट, भाडं महिन्याचं नाही, पूर्ण हंगामाचं. आधार कार्डाची झेरॉक्स, माल देणाऱ्याचं नाव-गाव, वाण, आणि हमाली आत टाकताना वेगळी, काढताना वेगळी. प्रत्येक कट्ट्यावर रंगाने लॉट नंबर आणि कट्ट्यांची संख्या लिहितात. नंबर पुसला की माल शोधणं मुश्कील, म्हणून बारदान नवं आणा, असंही त्यांनी सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मोलाची होती. इथे मुख्यतः बेण्याचा माल राहतो, २ ते ४ अंशांवर. तेवढ्या थंडीत कोंब येत नाहीत, पण बटाट्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. चिप्सवाल्यांचा माल म्हणून १० ते १२ अंशांवर वेगळा ठेवतात आणि कोंब दाबायला औषधाची धुरी देतात. "घरी खायला पाहिजे तर गोड लागेल, मग आमच्या नावाने ओरडू नका."

मी परत निघाले होते. गेटवर आमच्या आठवडी बाजारातले भाजीवाले भाऊ भेटले. त्यांचा चाळीस कट्ट्यांचा लॉट जाणार होता. त्यांनी माझा एक कट्टा त्यांच्या लॉटमध्ये घालायचं कबूल केलं. १४ मार्चला २५ किलो गेले. माझ्या वाट्याचं भाडं १५० रुपये, आत टाकायची हमाली २०. पावती त्यांच्या नावाची. मी पावतीचा फोटो काढून घेतला आणि तेवढ्यावर निर्धास्त झाले. ती चूक पुढे येईल.

उरलेल्या ५१ किलोंपैकी ११ किलो मुद्दाम घरातच ठेवले, स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, वेताच्या टोपल्यात, कांद्यांपासून लांब. चाळीस किलोंसाठी मागे विटांची खोली बांधली.

या खोलीला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात तो काढला. नागपूरकरांना समजावायची गरज नाही, हा विटांचा कूलर आहे. खाली विटांचा एक थर, त्यावर दोन भिंती एकात एक, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत रेती, रेती सतत ओली. पाणी विटांतून झिरपून उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. बाहेरून लांबी १६५ सेंमी, रुंदी ११५, उंची सुमारे ६७. हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो, म्हणून हे मुंबईत करू नका. आमच्या मे महिन्यासाठी मात्र तो जणू मापाने बेतला आहे.

१६ आणि १७ मार्च, शनिवार-रविवार. जागा घराच्या उत्तरेला कडुनिंबाखाली, जिथे दुपारीही ऊन पोचत नाही. चारशेच्या आसपास विटा लागल्या, त्यातल्या अडीचशे पाडलेल्या कुंपणाच्या, दीडशे विकत, ९ रुपयांप्रमाणे १३५०. कन्हानची रेती अर्धा ऑटो ७००. मिस्त्रींचे ९००. तीन जुने प्लास्टिक क्रेट ६६०. झाकणाला बांबूच्या तट्ट्या, बारदान आणि उंदरांसाठी जाळी मिळून ४५०. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ३८०. एकूण ४४४० रुपये, चाळीस किलो बटाट्यांसाठी. मिस्त्री सिमेंटशिवाय विटा रचायला तयारच नव्हते. "म्याडम, पडली तर माझं नाव खराब होते न." भिंत पाऊण मीटरचीही नाही हे पटवायला चहा लागला. सासूबाई खुर्ची टाकून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काहून वं, आलूसाठी घर बांधून राहिली का? आमच्या लग्नात एवढी मोठी खोली नव्हती."

बटाटे टाकण्याआधी दोन दिवस नुसती रेती भिजवली. पहिल्या दिवशी वीस बादल्या पाणी गिळलं त्या रेतीने. मला घाम फुटला, पण एकदा मुरल्यावर रोज तीस-पस्तीस लिटरवर आलं. त्यातलं बरंच आम्ही आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यातून भागवलं. क्रेटच्या तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला, वर घाणेरीच्या पानांचा दोन बोटं थर. घाणेरीचा वास पाकोळीला नको असतो. वर जुनी मच्छरदाणी. क्रेट विटांवर टेकू दिले नाहीत, खाली काड्या घातल्या. बटाट्यांना गारवा पाहिजे, ओल नको.

१८ मार्चची पहिली नोंद, दुपारी तीनची: बाहेर सावलीत ३७.२, आत २४.१. मी ती नोंद तीनदा वाचली.

पहिला महिना अगदी सरळ गेला. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, दोन वेळा पाणी. रात्री तट्टी चार बोटं सरकवून ठेवायची, म्हणजे कोंडलेला दमट वारा निघून जातो. दर रविवारी तिन्ही क्रेट उपसायचे. होळीच्या सुमारास कापलेल्या बटाट्यांतल्या सहा किलोंचे चिप्स आणि कीस केला, गच्चीवर दोन दिवसांत खडखडीत वाळला. तसं पाहिलं तर नागपुरात बटाटा टिकवायची सगळ्यात खात्रीची रीत तीच. आपल्या आज्यांनी ऊन शत्रू मानलंच नव्हतं, कामाला लावलं होतं.

एप्रिलमध्ये निवडणुकीची ड्यूटी आली. १९ एप्रिलला नागपूरचं मतदान, म्हणून १८च्या सकाळीच साहित्य घ्यायला हजर. परत आले १९च्या मध्यरात्री. पाण्याचं यांना सांगून गेले होते. यांनी १८ला सकाळी घातलं आणि नंतर 'कूलर भरला' म्हणून सांगितलं. कूलर खरंच भरला होता, पण घरातला, विटांचा नाही! २०ला सकाळी रेती हाताला कोरडी, १९ला दुपारी आतलं तापमान ३४.३पर्यंत गेल्याची यंत्रात नोंद. भांडायचीही ताकद नव्हती. त्या दिवसानंतर स्वयंपाकघराच्या दारावर कागद लावला: तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. शाळेतल्या शिपायालाही इतक्या सह्या कराव्या लागत नाहीत, असं यांचं मत होतं. पण एकही रकाना नंतर रिकामा गेला नाही.

टोपल्यातले ११ किलो तोवर निकालात निघाले होते. सात किलो एप्रिलअखेरपर्यंत खाल्ले. उरलेले चार किलो १ मेला पाहिले तर म्हाताऱ्याच्या गालासारखे सुरकुतलेले, अर्ध्यांना कोंब. कुठलीही सोय न करता नागपुरात घरात एप्रिलअखेर, एवढाच पल्ला. ज्यांना फक्त दहा-पंधरा किलो ठेवायचे आहेत त्यांनी विटांच्या भानगडीत पडू नये.

५ मेच्या रविवारी मधल्या क्रेटमध्ये तीन बटाट्यांच्या डोळ्यांपाशी काळा भुसा दिसला. पोटात गोळा आला, तोच मागच्या वर्षीचा वास आठवला. अख्खा क्रेट अंगणात ओतला, दीड तास एकेक तपासला. अडीच किलो काढले, टाकीजवळ खड्डा करून फूटभर खोल पुरले. उघड्यावर फेकले तर पाकोळ्या तिथेच वाढून परत येतात. घाणेरीची पानं वाळून चुरा झाली होती, ती बदलायला हवी होती. दर पंधरा दिवसांनी बदला. हे मी रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोंब सुरू झाले. काढणीनंतर बटाटा काही आठवडे झोपलेला असतो. ज्योतीची झोप अडीच-तीन महिन्यांत मोडली. २५-२८ अंशांत कोंब थांबवणं शक्य नाही, ते शीतगृहाचंच काम. आपण फक्त रविवारी बसून बारीक असतानाच ते खुडायचे. खुडलेला बटाटा घट्ट असेल तर खुशाल खा, तो भाग खोल काढून. मऊ पडला, हिरवा झाला तर नको.

मग नवतपा, मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. ३० मेला दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी: नागपुरात ५६ अंश. एका स्वयंचलित केंद्राने तसा आकडा दाखवला होता. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. माझ्या साध्या यंत्रावर त्या दिवशी कडुनिंबाखाली ४४.६ आणि खोलीत २८.९ होतं. मी तो फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, तर एका काकूंनी विचारलं, "आत माणसाला बसता येतं का?"

पाण्याचं मात्र मन खात होतं. मेअखेर आमची बोअर दम टाकत होती, गल्लीत टँकर येत होते आणि मी बटाट्यांना रोज तीन बादल्या घालत होते. शेवटचे दहा दिवस भाज्या-डाळी धुतलेलं पाणीच गाळून घातलं. रेतीला थोडा वास आला, चालवून घेतला.

जूनच्या मध्यावर हवा दमट होऊ लागली आणि खोलीची जादू संपली. १६ जूनला बाहेर ३६, आत ३१. पाणी उडणारच नसेल तर गारवा कुठून येणार? आतली आर्द्रता ९५वर. दोन रविवारांत तीन किलो मऊ सडले. २० जूनला खोली रिकामी केली. हिशेब: ४० किलोंपैकी २८ खाल्ले, ७ टाकले, २ किलो वजन हवेत गेलं, ३ किलो कोंबांसकट उरले. मागच्या वर्षीच्या मानाने फारच बरं. पण आषाढी १७ जुलैला होती. म्हणजे आता भिस्त शीतगृहातल्या कट्ट्यावर.

२१ जूनला गेले. मतमोजणी कळमन्याच्याच बाजार आवारात होती, म्हणून जूनच्या सुरुवातीला तिकडे फिरकले नव्हते. मुनीमजींना मोबाइलमधला पावतीचा फोटो दाखवला. "मूळ पावती?" ती भाऊंकडे. "लॉट त्यांच्या नावाचा, त्यांची सही लागेल." भाऊ गावी पेरणीला गेलेले. अर्धी रजा वाया. चूक माझीच. दुसऱ्याच्या लॉटमध्ये माल ठेवलात तर ठेवतानाच अधिकारपत्र लिहून घ्या, पावतीमागे आपल्या कट्ट्याची संख्या आणि खूण लिहून दोघांच्या सह्या करा. आयुष्यभर लोकांना 'मूळ प्रत जोडा' सांगणाऱ्या बाईने हे विसरावं!

२८ जूनला पुन्हा. या वेळी मूळ पावती, अधिकारपत्र, माझ्या आधारची झेरॉक्स. आधी भाडं भरल्याचा शिक्का, मग काढायची हमाली २० रुपये, मग गेटपास दोन प्रतींत, मग रांग. अडीच तास. कट्टा थेट थंड खोलीतून हातात देत नाहीत, शेडमध्ये काही तास ठेवून देतात. कारण चार अंशांवरचा बटाटा आपल्या हवेत आला की त्याला घाम सुटतो आणि ओल्या बटाट्याला सड लागायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर आम्हीही ते अंधाऱ्या खोलीत वर्तमानपत्रांवर पसरून रात्रभर पंखा लावला. काट्यावर २४ किलो १०० ग्रॅम. एकही कोंब नाही, साल काढणीच्या दिवसासारखी.

दुसऱ्या दिवशी काचऱ्या केल्या. तव्यावर पडल्या पडल्या गुळासारख्या तांबड्या झाल्या. सासूबाईंनी घास घेतला आणि थांबल्या. "साखर घातली का वं यात?"

मुनीमजी खरं बोलले होते. काकांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नको, खोलीत दोन-तीन आठवडे पडू दे, बरीच साखर उतरते. म्हणून कट्ट्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दर तीन-चार दिवसांनी एक बटाटा चिरून तळून पाहायचा, रंग रजिस्टरमध्ये लिहायचा. १ जुलै: गडद तांबडा. ५ जुलै: तांबूस. ९ जुलै: बदामी, कडा काळ्या. १३ जुलै: बदामी. त्या दिवसांत बाजारात बटाटा ३५-४० रुपये किलो होता आणि आम्ही घरी चोवीस किलो असताना दोनदा विकत आणला.

१७ जुलै, बुधवार, आषाढी. सकाळपासून रिपरिप. भाजी सासूबाईंनीच केली: उकडून, तूप-जिऱ्यावर, दाण्याचं कूट, हिरवी मिरची. ताट देवापुढे ठेवलं, मग स्वतः पहिला घास घेतला. मी रजिस्टर उघडून बसले होते. "लिही," त्या म्हणाल्या, "किंचित गोड आहेच अजून. पण कार्तिकीलाही ठेव म्हणते मी."

मागे विटांच्या खोलीत सध्या ओल्या रेतीवर एक बेडूक राहतो.